पंधरा कट्टे उसना

पीयूष लंजेनं नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात एका लग्नाचा भात बिघडवला. त्या लग्नाचं त्याला आमंत्रण नव्हतं, आचाऱ्याशी त्याची ओळख नव्हती, आणि चुलीपासून चांगला दोन किलोमीटर लांब, गोवर्धन शेठच्या राइस मिलच्या फाटकात उभ्या उभ्या त्यानं हे केलं. ठरवून करायला गेला असता तर जमलं नसतं.

मिलचे मॅनेजर रणवरे साहेब त्या गुरुवारी रेल्वेच्या मालधक्क्यावर अडकले होते. रणवरे कोल्हापूरचे. गोंदियातून रोज सकाळी सुटणारी एक गाडी थेट कोल्हापूरला जाऊन थांबते. त्याच गाडीनं ते गेल्या पावसाळ्यानंतर उलट्या दिशेनं इथं आले, आणि येताना चटणीच्या बरणीसोबत आपली भाषाही भरून घेऊन आले. चटणी दिवाळीपर्यंत संपली, भाषा काही संपली नाही. पीयूष लागला तेव्हा पहिले काही दिवस साहेब त्याला ‘काय करालाईस?’ असं विचारायचे आणि तो ‘माल मोजून राहिलो, सर’, म्हणजे मोजतोय, असं सांगायचा. ‘मोजून कुठं राहिलास?’ असं साहेब पुन्हा विचारायचे. पीयूषला वाटायचं साहेब पत्ता विचारताहेत. तो सांगायचा, ‘फुलचूरले.’

तर गुरुवारी दुपारी साहेबांचा फोन आला. रस्त्यापलीकडच्या रीता कटरे बाईंचा माल कमी पडलाय, असं त्यांनी सांगितलं आणि म्हणाले, “पंधरा कट्टे तांदूळ उसना पाठवून दे त्यांना. लगेच.”

“पाठवून राहिलो, सर,” पीयूष म्हणाला आणि खरंच लगेच पाठवला.

कट्टा म्हणजे पोतं, ते सोपं. पण हा उसना म्हणजे काय, यावर पुढचं सगळं उभं आहे. कोल्हापूरचा माणूस उसना म्हणतो तेव्हा त्याच्या मनात परत करायच्या बोलीवर दिलेली वस्तू असते. गोंदियाच्या मिलमध्ये तांदूळ मुळात दोन प्रकारचा. धान सरळ मशीनमध्ये घातला तर निघतो तो अरवा. तोच धान आधी भिजवून, वाफवून, वाळवून मग घातला तर निघतो तो उसना. अरवा पांढरा, उसना पिवळट. अरवा झटकन शिजतो, उसन्याला चुलीवर ताटकळावं लागतं.

पीयूषला दुसरा अर्थ माहीत नव्हता असं नाही. त्याची माय सुशिलाबाई शेजारच्या मंजूकडून वाटीभर साखर उसनी आणायची, दहावीला मराठीत त्याला बरे गुण होते. पण तो उसना घरचा आणि पुस्तकातला. फाटकाच्या आत आलं की उसना एकच. साहेबांनी नुसतं ‘पंधरा कट्टे तांदूळ’ म्हटलं असतं तर पीयूषनं नक्की विचारलं असतं, कोणता? साहेबांनी तर स्वतःच सांगितलं होतं कोणता. त्यानं मनातल्या मनात साहेबांचं कौतुकही केलं, की आता माणूस मिलची भाषा शिकून राहिला.

कट्टे सगळे सारखेच, पांढरे, बिनछापाचे. पोहोचले तेव्हा रीताबाईंकडची लाइट गेलेली. त्यांच्या माणसांनी संध्याकाळच्या उजेडात ते फोडले आणि सुवासिक चिन्नोर तांदळाच्या हौदात रिकामे केले. रीताबाईंचा धंदाच तो, लग्नाकार्याला चिन्नोर पुरवायचा; साहेबांच्या मनातही तोच होता. शुक्रवारी फुलचूरच्या एका लॉनमध्ये तो तांदूळ चुलीवर चढला. चिन्नोर शिजला तेव्हा उसना कच्चा होता. आचाऱ्यानं पाणी ओतलं. उसना शिजायला लागला तेव्हा चिन्नोरची खीर झाली. वाढपी भात घेऊन पंगतीत फिरले तेव्हा वास अगदी राजाच्या घरचा, आणि दाताखाली खडे. वरपक्षाच्या एका म्हाताऱ्यानं कवळी काढून ताटाशेजारी ठेवली म्हणतात. ही गोष्ट नंतर वाढवलेली असू शकते.

शनिवारी सकाळी रीताबाई मिलमध्ये आल्या त्या डबा घेऊन. नवरा गेल्यावर त्यांनी धंदा एकटीनं सांभाळला होता, त्यामुळं त्या आवाज चढवत नसत, गरजच पडत नसे. त्यांनी डबा रणवरेंच्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि खा म्हणाल्या. साहेबांनी घास घेतला, चावला, थांबले.

“कच्चा हाय की.”

“अर्धा कच्चा आहे, साहेब. अर्धा गळून गेला. एकाच गंजात शिजलेला आहे.”

मग पीयूषला आत बोलावलं गेलं.

“मी काय सांगितलं होतं तुला? उसना पाठव म्हणालो होतो का न्हाई?”

“हो सर. मी उसनाच पाठवला.”

“अरं, मग हे काय हाय?”

“उसना, सर.”

असं तीन-चारदा झालं. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांचाही पारा चढत होता. रीताबाई एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिल्या. शेवटी कारण त्यांनाच आधी कळलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि साहेबांना सांगितलं की तुम्ही उधार म्हटलं असतं तर हे लग्न वाचलं असतं. रणवरेंना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग पिवळट. पण साहेब ते साहेब. मिलमध्ये येऊन मिलची भाषा त्यांनी शिकायची की नाही हा प्रश्न कोणी काढला नाही. पीयूषला उद्यापासून येऊ नको असं सांगितलं.

ही नोकरी जाणं म्हणजे काय, ते कळायला पीयूषची आधीची तीन वर्षं सांगावी लागतील. लंजे मंडळी मूळची तलाव बांधणाऱ्यांतली. आज्याच्या आज्यानं गावात तलाव बांधला असं घरात सांगतात. तलाव अजून आहे, लंज्यांची जमीन तेवढी राहिली नाही. म्हणून बाप मनिराम गोंदियाला हमालीला आला. पोती वाहता वाहता पाठ गेली. आता तो एका एटीएमसमोर चौकीदार आहे. खुर्चीवर बसून पगार घेणारा घरातला पहिला माणूस, असं पीयूष त्याला चिडवतो.

पीयूषनं आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियन. मग पोलीस भरतीला गेला. धावण्यात पास झाला, पण छाती फुगवायची होती तेवढी फुगली नाही. मोबाइलच्या दुकानात बसला, तर दुकानच उठलं. नागपूरला मुलाखतींना गेला, तिथं अनुभव विचारायचे. अनुभव त्याच्याकडे भरपूर होता, पण सगळा मुलाखतींचाच. शेवटी त्यानं ठरवलं की गोंदियातल्या मिलांच्या रांगेत रोज सकाळी जायचं आणि प्रत्येक फाटकावर विचारायचं. आज नाही म्हणाले तर उद्या. चौकीदार आधी हाकलायचे, मग ओळखायला लागले, मग तंबाखू विचारायला लागले. एकानं तर त्याला आपल्यातलाच समजून चहाला जाताना फाटक सांभाळायला सांगितलं. ते फाटक गोवर्धन शेठच्या मिलचं. नेमकी त्याच वेळी रणवरेंची मोटरसायकल आली. पीयूषनं फाटक उघडलं, सलाम ठोकला आणि साहेबांनी नवा माणूस कधी लागला असं विचारलं. पीयूष म्हणाला, “आजच, सर.” तेव्हापासून लागला.

पण त्याचा डोळा फाटकावर नव्हता. मिलमध्ये वरच्या मजल्यावर काचेची एक खोली आहे. अख्ख्या मिलमध्ये कोंडा उडत असतो, तिथं उडत नाही. तिथं एसी आहे, तोही मशीनसाठी. त्या मशीनला सगळे सॉर्टेक्स म्हणतात. तांदळाची धार वरून खाली येते, मशीनचे डोळे एकेक दाणा बघतात आणि काळा, डागी दाणा दिसला की हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवतात. मशीनपुढं एक खुर्ची. खुर्चीवर शालीकराम भोयर, जाड भिंगाचा चष्मा लावून. मिलमध्ये खालपासून वरपर्यंत घाम, आणि वर हा एक माणूस स्वेटर घालून बसलेला. पीयूष वीजवाला होता, हात मशीनला लावायला शिवशिवत होते. त्याला ती खुर्ची पाहिजे होती.

घरी त्यानं हे सांगितलं तेव्हा सुशिलाबाईनं विषयच बदलला. सांगायचं तर तिचं आणि त्या मशीनचं जुनं भांडण होतं. पूर्वी मिलमध्ये बाया सूप घेऊन ओळीनं बसायच्या आणि काळे दाणे हातानं वेचायच्या. सुशिलाबाई त्यात होती, मंजू होती. पीयूष लहानपणी तिथंच बारदान्यावर झोपायचा. मग एके वर्षी क्रेननं एक पेटी वर चढवली आणि बायांना सांगितलं की उद्यापासून यायचं नाही. त्या पेटीचं तोंडही त्यांनी पाहिलं नाही.

आणि आता लेकालाही तेच सांगितलं होतं. उद्यापासून यायचं नाही.

शनिवारी दुपारी आतेभाऊ टिंकूचा चाकणहून फोन आला. त्याला लग्नाच्या भाताची बातमी पोहोचली होती, अशा बातम्यांना रिझर्वेशन लागत नाही. पोटभर हसून झाल्यावर टिंकूनं सांगितलं की कंत्राटदाराला माणसं पाहिजेत, खोकी भरायची, बारा तास उभं राहायचं, खोलीत आठ जण आहेत, नववा मावतो. सोमवारच्या गाडीचं तिकीट त्यानं काढूनही टाकलं होतं. “ये बे,” तो म्हणाला, “इकडे खोक्यात काय आहे कोणाले मालूम नसते. चुकाचा सवालच नाई.”

फोन ठेवून पीयूष अंगणात बसला. चाकणला जायला त्याची ना नव्हती. गावातली अर्धी पोरं त्या गाडीनं गेली होती. पण जायचं ते असं? उद्या कोणी विचारलं, पीयूष काऊन गेला, तर लोक सांगणार की लग्नाचा भात बिघडवला म्हणून गेला. माणूस गेल्यावर त्याच्यामागं एवढं एकच वाक्य राहावं, हे त्याला पटेना. आणि ती खुर्ची होती. सोमवार सकाळपर्यंत काय ते करायला पाहिजे होतं.

तो उठला आणि सरळ रीताबाईंकडे गेला. त्यांच्या गोदामात उरलेला मिसळलेला तांदूळ थप्पी लावून पडला होता. कोणी घेणार नाही असा. पीयूषनं पोतं उघडून ओंजळभर उजेडात धरला. पांढरा आणि पिवळा वेगळा दिसत होता. ज्याला डोळे आहेत त्याला दिसणारच.

“मॅडम, मी हा वेगळा करून देतो,” तो म्हणाला. “तुमचा तुम्हाले, मिलचा मिलले.”

“सूप घेऊन बसतोस का जन्मभर?”

“मशीनवर.”

रीताबाईंनी विचारलं, मशीन कोणाची? ज्यांनी तुला काढलं त्यांचीच ना? पीयूषनं हो म्हटलं. त्या हसल्या नाहीत. न्यायचा तर ने म्हणाल्या, माझं याहून काय वाईट व्हायचं आहे?

रणवरे संध्याकाळी मिलमधून निघत होते. पीयूष फाटकाबाहेर उभा. चौकीदारानं नेहमीप्रमाणं फाटक त्याच्यावर सोपवून चहा घ्यायला जावं की नाही, असा चेहरा केला. साहेबांनी गाडी थांबवली, पण इंजीन बंद केलं नाही.

“आता आणि काय?”

“मले नोकरी नका देऊ, सर. सॉर्टेक्स द्या. उद्याचा एक दिवस. उद्या मिल बंद आहे.”

“मशीन तुझ्या बापाचं हाय?”

“बाप तिथं हमाल होता, सर. पोते त्यानंच वर नेले.”

साहेबांनी गोदामाकडे पाहिलं. त्यांच्याही डोक्यावर टांगती तलवार होतीच. गोवर्धन शेठ रायपूरला गेले होते, मंगळवारी परत येणार होते. आल्या आल्या ते गोदामात फिरत आणि थप्प्या नजरेनं मोजत. पंधरा कट्टे उसना कुठं गेला, असं त्यांनी विचारलं तर रणवरे काय सांगणार होते? उसना दिला, असं? शेठ मारवाडी. त्यांनाही उसन्याचा एकच अर्थ माहीत होता. शिवाय तो भाताचा घास साहेबांनी स्वतः चावला होता. इंजीन बंद झालं.

“शालीकराम बसंल बरोबर. मशीनला काय झालं तर?”

“तर सोमवारी गाडी आहेच, सर. तुमच्या गावचीच.”

रविवारी सकाळी रीताबाईंच्या हातगाड्यांनी माल आला. शालीकराम आधीच वर जाऊन खुर्चीत बसला होता, स्वेटर घालून, हात छातीवर बांधून. त्याला रविवारचं बोलावलं म्हणून राग होता आणि कोणासाठी बोलावलं म्हणून जास्त. पीयूष जिन्यानं वर पोचताच त्यानं तोंड न वळवता सांगितलं, “मशीन तू चालव. खुर्ची माझी.”

ठीक आहे म्हणून पीयूष उभा राहिला.

मशीन रोज काळा दाणा पकडायला लावलेली. आज तिला पिवळा पकडायला लावायचं होतं. शालीकरामनं बोटानं एक बटण दाखवलं आणि पुन्हा हात बांधले. पीयूषनं पिवळ्याचा आकडा चढवला, धार सोडली. मशीन इतक्या जोरात फुंकरायला लागली की पिवळ्यासोबत निम्मा चिन्नोरही उडाला. उतरवला तर पिवळा सुखानं पांढऱ्यात बसून खाली गेला. पुन्हा चढवला. पुन्हा उतरवला. अर्धी सकाळ याच्यातच गेली आणि पाच कट्टे आधी होते तसेच, फक्त तीन वेळा जिना चढून आलेले, पुन्हा समोर पडले. मग हवेचा दाब पडला आणि मशीन लाल दिवा लावून थांबली.

शालीकराम म्हणाला की चाकण चांगलं आहे, हवा थंड असते.

 पीयूष खाली जाऊन मशीनला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरजवळ बसला. यंत्रात काही बिघाड नव्हता. त्याला एवढंच सुचलं की रोज या मशीनला पोत्यामागं मूठभर दाणे उडवायचे असतात, आज दर तिसरा दाणा उडवायचा आहे. फुंकर मारून मारून तिला दम लागला. दम लागलेल्याला काय करतात? हळू चालवतात. त्यानं वर येऊन धार बारीक केली, आणखी बारीक केली, गाळणीतून चहा पडतो तेवढी केली. मशीन फट फट करत निवांत चालायला लागली. खाली एका नळीतून पांढरा, दुसरीतून पिवळा. फक्त या वेगानं एवढा माल संपायला संध्याकाळ उलटणार होती. पीयूष म्हणाला, उलटू दे.

मग सांगण्यासारखं काही घडलं नाही. एक पोरगा उभा होता आणि तांदूळ पडत होता. ट्रे भरला की ओंजळ उजेडात धरायची, पिवळं जास्त दिसलं तर बटणाला अगदी नखभर हलवायचं, पुन्हा उभं राहायचं. पाय सुन्न झाले तर पाय बदलायचा. टिंकूनं सांगितलेले बारा तास असेच असतील, असं त्याच्या मनात आलं. फरक एवढाच की इथं ट्रेमध्ये काय आहे हे त्याला मालूम होतं.

दुपारी सुशिलाबाई डबा घेऊन आली. सोबत मंजू. दोघींच्या काखेत सूप. काचेच्या खोलीबाहेर त्या थांबल्या आणि सुशिलाबाईनं पहिल्यांदा त्या पेटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“का गा बाबू, एवढीशीच आहे?”

“एवढीशीच आहे, माय.”

“आमाले वाटे, मोठी असन.”

मग तिनं विचारलं की हिच्याकडून काय राहून राहिलं. राहत होतंच. जो तांदूळ दोनदा मशीनमध्ये घालूनही मिसळलेलाच राहत होता, त्याचा एक ढीग कोपऱ्यात साठला होता. जे दाणे ना धड पांढरे ना धड पिवळे, त्यांच्यापुढं मशीनचे डोळे गोंधळत होते. दोघी खाली गोदामाच्या ओट्यावर बसल्या, सूप पुढ्यात घेतलं आणि वेचायला लागल्या. मंजूनं मोठ्यानं विचारलं की आमचा पगार शेठ देईल की ती पेटी देईल. सुशिलाबाई म्हणाली, “पेटीले माग. तिनंच नेला.” आणि दोघी हसत सुटल्या. वर काचेआड शालीकरामला त्या दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या. त्यानं चष्मा काढून पुसला, ओंजळीतला दाणा नाकाला लागेल एवढा जवळ धरला आणि पीयूषला विचारलं, हा कोणता? पीयूष म्हणाला, पिवळा. शालीकराम म्हणाला, हो, पिवळाच. पण त्याला तो दिसला नव्हता, आणि पीयूषच्या ते लक्षात आलं. पुढचा प्रत्येक ट्रे त्यानं आधी शालीकरामपुढं धरला आणि दादा, पिवळा जास्त वाटून राहिला ना, असं स्वतःच विचारून टाकलं. शालीकराम दर वेळी हो म्हणाला.

चारच्या सुमारास शालीकराम सुपारी-तंबाखूचा खर्रा खायला म्हणून खाली गेला. परत आला तेव्हा खुर्चीवर न बसता एका उलट्या डब्यावर बसला. पीयूषनं खुर्चीकडे पाहिलं, पण उभाच राहिला.

दिवे लागायच्या वेळी धार थांबली. काट्यावर चिन्नोर चढला. रीताबाईंनी मूठ भरून पाहिला, नाकाशी नेला आणि कट्टे उचलायला सांगितले. जाताना त्या सुशिलाबाईपाशी थांबल्या, सुपातले चार दाणे तोंडात टाकून चावले आणि लग्नाला बोलवायला पाहिजे होतं तुम्हाला, असं म्हणाल्या. मग उसना चढला. पंधराच्या जागी साडेतेरा भरला. दीड कट्टा वऱ्हाड्यांच्या पोटात होता आणि तो कोणत्याच मशीननं परत निघणार नव्हता.

रणवरे ढिगाकडे पाहत उभे होते. तेवढ्यात शालीकराम पुढं झाला. त्यानं आधी घसा साफ केला, मग टोपी नीट केली, आणि सांगितलं की त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दिवाळीपासून आहे. ऑपरेशनला सुट्टी मागितली असती तर खुर्ची गेली असती, म्हणून बोलला नाही. “मी पोरापाशी देऊन जातो मशीन,” तो म्हणाला. “डोळे घेऊन येतो. तोपर्यंत खुर्ची माझीच आहे, तो उभा राहते. त्याले सवय आहे.”

साहेबांनी पीयूषकडे पाहिलं. दिवसभर उभं राहून त्याचा चेहरा कोंड्यानं उसन्यासारखा पिवळा झाला होता.

“आणि दीड कट्टा? शेठला काय सांगू?”

“माझ्यावर टाका, सर.”

“म्हणजे उसना?”

“उसनाच, सर. तुमचाही आणि आमचाही.”

साहेबांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. हसले असावेत, पाठ हलत होती. मग त्यांनी सांगितलं की दीड कट्टा फिटेपर्यंत तू कुठं जायचं न्हाईस.

सोमवारी सकाळी गाडी सुटायच्या सुमारास टिंकूचा फोन आला. पीयूष वरच होता, मशीन तापत होती. बसला का गाडीत, टिंकूनं विचारलं. पीयूष म्हणाला, “नाई बे. मी येऊन नाई राहिलो.”

दारातून जाणाऱ्या रणवरेंनी ते ऐकलं. ते थबकले, मनात काहीतरी जुळवलं आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं व्याकरण गोंदियाच्या रुळावर आलं. “येऊन न्हाई,” ते म्हणाले, “पण राहिलास खरा.”

शालीकरामचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याची तारीख आहे. पीयूष अजून उभा राहूनच मशीन चालवतो, पगार हंगामी आहे, हंगाम संपला की पुन्हा बोलू असं शेठ म्हणाले आहेत. न निवडता आलेला पिशवीभर मिसळलेला तांदूळ सुशिलाबाईनं घरी नेला. आधी रात्रभर भिजवते, मग रांधते, तरी एखादा घास कचकतोच. मनिराम म्हणतो, पोराले नोकरी लागली ते दाताखाली कळते.

दीड कट्टा उसना अजून फिटलेला नाही. पहिल्या पगारात फिटला असता, पण फेडायची घाई दोघांनाही नाही. रणवरे आठवड्यातून एकदा तरी काचेत डोकं घालून विचारतात, माझा उसना कुठं हाय? पीयूष ट्रेमधली ओंजळ उजेडात धरतो, पिवळं किती ते बघतो, आणि मागं न वळता सांगतो,

“देऊन राहिलो, सर.”